जास्त अल्कोहोल म्हणजे वरचा दर्जा, हे समीकरण आता मोडायला हवं

वाईनच्या दर्जांचा विषय निघाला की आपण माती, उतार, द्राक्षाची जात, जुन्या वेली असं सगळं बोलतो आणि ते खरंच आहे, पण एकेका प्रदेशाची नियमावली उघडून बघा, दर्जा ठरवताना तिथे हटकून एक आकडा येतो, अल्कोहोल किती टक्के. इटलीत टस्कनीतल्या क्यांती क्लासिकोचं घ्या. साधी असेल तर किमान 12 टक्के, रिझेर्व्हा असेल तर 12.5 आणि 2014 मध्ये सगळ्यात वर आणून बसवलेली ग्रान सेलेत्सिओने असेल तर 13. वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात तर सरळ पायऱ्याच आहेत, साधी 11, सुपेरिओरे 12, रिपास्सो 12.5 आणि टोकाला अमारोने, किमान 14. फ्रान्समध्ये साधी बोर्दो आणि बोर्दो सुपेरिअर यांच्यात फरक काय तर वेलीवर थोडा कमी माल, थोडं जास्त मुरवणं आणि अर्धा टक्का जास्त अल्कोहोल. म्हणजे वर चढायचं असेल तर आकडा वाढलाच पाहिजे. प्रदेशाप्रमाणे वर्गवारी असावी हे मला मनापासून पटतं, पण अल्कोहोलच्या आकड्याची शिडी करून तिला दर्जा म्हणायचं हे आता चुकीचं झालंय, आणि दरवर्षी जास्तच चुकीचं होत चाललंय.

हा आकडा तिथे आला कसा ते आधी बघू, कारण ज्यांनी आणला त्यांच्याकडे चांगली कारणं होती. द्राक्षात साखर भरते, यीस्ट ती खातं आणि अल्कोहोल तयार होतं, लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेचा एक टक्का. म्हणजे 12 टक्क्यांची ड्राय, म्हणजे गोडी न उरलेली, वाईन हवी तर रसात लिटरला 200 ग्रॅमच्या वर साखर पाहिजे. नाशिक-निफाडच्या बागायतदाराला हे समजावून सांगायची गरज नाही, माल काढणीला आला की तो मणी दाबून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतच असतो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपात साखर भरणं हीच मोठी अडचण होती. सप्टेंबरात पाऊस लागायचा, ऑक्टोबरात थंडी उतरायची, द्राक्ष अर्धकच्चं राहायचं आणि वाईन आंबट, पाणचट व्हायची. ज्याने हावेपोटी वेलीवर वाट्टेल तेवढे घड ठेवले त्याची साखर तर अजूनच कमी. त्यामुळे किमान अमुक टक्के अल्कोहोल पाहिजे असं लिहिलं की त्यातच पिकलेला माल आणा आणि वेलीवर बोजा टाकू नका हेही सांगून व्हायचं. मोजायला सोपं, भांडायला जागा नाही.

त्यात भेसळीचा प्रश्न होता. रसात बाहेरून साखर घालून अल्कोहोल वाढवायची पद्धत जुनी, नेपोलियनच्या काळात मंत्री असलेल्या शाप्तालने 1801 मध्ये ती शास्त्र म्हणून मांडली आणि तिला त्याचंच नाव चिकटलं. थंड भागातल्या प्रामाणिक माणसाला तिचा उपयोग होता, पण पुढे व्यापाऱ्यांनी साखर आणि पाणी घालून वाईन फुगवायला सुरुवात केली, भाव कोसळले आणि 1907 मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला लांग्दोकमधला शेतकरी रस्त्यावर आला. मोंपेल्येला लाखोंचा मोर्चा निघाला, नार्बोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि त्याच जूनमध्ये सरकारला साखर-पाण्याच्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. हे लक्षात ठेवलं पाहिजे. वाईनचे नियम म्हणजे श्रीमंतांच्या चवीचे चोचले असं कुणी म्हणालं तर त्याला 1907 सांगावं. ती शेतमालाच्या भावाची आणि फसवणुकीची लढाई होती, कुठल्याही बागायतदाराला आपली वाटेल अशी.

पुढे 1923 मध्ये ऱ्होन खोऱ्यातल्या शातोनफ-द्यु-पापच्या उत्पादकांनी बॅरन ल रोआ या वकील आणि वायनरीवाल्या माणसाला पुढे करून स्वतःचे नियम लिहिले. लॅव्हेंडर आणि थाईम दोन्ही जिथे उगवतं तेवढीच जमीन आपली, द्राक्षाच्या जाती ठरलेल्या, खराब माल निवडून बाजूला टाकायचा, आणि किमान अल्कोहोल 12.5 टक्के. 1935 मध्ये फ्रान्सने देशभरासाठी जी अपेलासिओं, म्हणजे प्रदेशाच्या नावाने वाईन विकायच्या नियमांची, व्यवस्था केली तिच्यावर या नियमांची मोठी छाप आहे आणि नंतर इटलीने 1963 मध्ये आपला कायदा केला तेव्हाही ढाचा तोच होता. 12.5 ही त्या काळी खरोखर कठीण अट होती. आज त्याच गावात ग्रेनाश द्राक्ष 14.5, 15 ला आरामात पोचतं, आणि उत्पादकाची रात्रीची झोप उडते ती आकडा खाली कसा ठेवायचा या काळजीने. अट तशीच कागदावर आहे आणि तिचं काम संपलंय.

हे फक्त दक्षिणेतलं नाही. बर्गंडीतल्या बोन शहरात द्राक्ष तोडणीच्या तारखांची नोंद 1354 पासून आहे, साडेसहाशे वर्षांची, आणि 2019 मध्ये ती सगळी मांडून प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की 1988 नंतर तोडणी आधीच्या शतकांच्या मानाने सरासरी 13 दिवस अलीकडे आलीय. तेरा दिवस! उष्णता वाढली की साखर धावत सुटते, पण साल, बी, सुगंध या गोष्टी त्यांच्या वेळेनेच पिकतात, आणि आंबटपणा मात्र झपाट्याने उतरतो. मग शेतकऱ्यापुढे दोनच रस्ते राहतात, साखर जास्त झाली तरी थांबून सुगंध येऊ द्यायचा किंवा आंबटपणा राखायला लवकर तोडून थोडं कच्चेपण पत्करायचं. या निर्णयातच आज उत्पादकाचं खरं कसब आहे. आणि जी नियमावली फक्त खालची मर्यादा घालते ती या निर्णयात त्याला एकाच बाजूला ढकलते, थांब, अजून थांब, आकडा गाठ.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. किमान टक्केवारी असणं हे एकटं वाईट नाही, वाईट आहे ते खाली तळ बांधायचा आणि वर छतच घालायचं नाही, आणि शिवाय प्रत्येक वरच्या दर्जाचा तळ खालच्यापेक्षा उंच ठेवायचा. असं केलं की सगळा माल आपोआप वर सरकतो. उत्पादकाला वरच्या दर्जाचा भाव मिळतो म्हणून तो जास्त पिकवतो, गिऱ्हाईकाला सवय लागते की दमदार म्हणजे चांगलं, समीक्षकही भारी गुण त्यालाच देतात, आणि हलकी, ताजी, दुपारच्या जेवणाबरोबर प्यायची वाईन खालच्या पायरीवर पडून राहते, तिच्या नशिबी कमी भाव आणि कमी लक्ष. आपल्याकडे बिअरचं काय झालं बघा की, पाच टक्क्यांच्या आतली माईल्ड आणि त्यावर आठपर्यंत स्ट्राँग अशी विभागणी, आणि दुकानात जाऊन बघितलं तर बाजार स्ट्राँगने भरलेला, तेवढ्याच पैशात जास्त "चढते" एवढाच हिशोब. वाईनची शिडी दिसायला सभ्य आहे, भाषा तिथे माती आणि परंपरेची आहे, पण ओढ त्याच दिशेची आहे.

जर्मनीने हे वेगळ्या वाटेने केलं आणि वेगळ्याच घोळात अडकले. 1971 च्या कायद्याने त्यांनी प्रेडिकाट नावाच्या पायऱ्या पक्क्या केल्या, काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ आणि वर अजून, आणि पायरी ठरते तोडणीच्या वेळी रसात किती साखर आहे त्यावर, एक्सले नावाच्या मापात. श्पेटलेझला भागाप्रमाणे साधारण 76 ते 90, आउसलेझला 83 ते 100, ट्रोकनबेरेनआउसलेझला 150 च्या वर. यातली चांगली गोष्ट म्हणजे या पायऱ्यांवर बाहेरून साखर घालायला बंदी आहे. पण रसातली साखर म्हणजे बाटलीतलं अल्कोहोल नाही. यीस्टला मधेच थांबवलं तर साखर तशीच राहते, त्यामुळे मोझेल खोऱ्यातली गोडसर काबिनेट 8 टक्क्यांची असते, त्याहून कितीतरी वरची ट्रोकनबेरेनआउसलेझ 6-7 टक्क्यांची असू शकते, आणि तीच श्पेटलेझ पूर्ण आंबवून ड्राय केली तर 12-13 ची होते. पायरीचं नाव एक, पण आतमध्ये गोड आहे की ड्राय, हलकं आहे की जड, काही कळत नाही, लेबलवर ट्रोकन, म्हणजे ड्राय, हा शब्द आहे का ते शोधत बसायचं. आणि इथेही छत नाही. उन्हाळे तापायला लागल्यावर काबिनेट म्हणून विकला जाणारा कितीतरी माल साखरेने श्पेटलेझच्याही वरचा निघायला लागला, खरी हलकी काबिनेट हवी असेल तर मुद्दाम लवकर जाऊन तोडावी लागते. जर्मनीतल्या नामवंत वायनऱ्यांची जी संघटना आहे, फाउडेपे, तिने शेवटी आपल्यापुरतं ठरवलं की दर्जा ठरेल तो जमिनीच्या तुकड्यावरून, आणि काबिनेट-श्पेटलेझ ही नावं फक्त गोड वाईनसाठी वापरायची. देशाच्या कायद्यालाही 2021 मध्ये जमिनीकडे वळावं लागलं. पन्नास वर्षं लागली याला.

आता ज्या खोऱ्याकडे बघून मला वाटतं की हे नीट करता येतं ते म्हणजे ऑस्ट्रियातलं वाखाऊ. व्हिएन्नाच्या पश्चिमेला डॅन्यूब नदी मेल्क ते क्रेम्स या टप्प्यात एका अरुंद खोऱ्यातून जाते, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, त्यावर चुन्याशिवाय नुसते दगड रचून बांधलेल्या ताली आणि त्यावर वेली. उत्तरेच्या जंगलातून रात्री गार वारा उतरतो, पूर्वेकडून मैदानाची उष्ण हवा चढते, आणि या दोन्हींच्या झटापटीत ग्रूनर फेल्टलीनर आणि रीसलिंग ही दोन पांढरी द्राक्षं फार सुंदर पिकतात. 2000 पासून हे खोरं युनेस्कोच्या यादीत आहे. यंत्र चालत नाही अशा उतारांवर सगळं काम हाताने, तालीचा दगड निखळला की हातानेच परत बसवायचा.

1983 मध्ये इथल्या उत्पादकांनी विनेआ वाखाऊ नावाची संघटना केली आणि पुढच्या काही वर्षांत ड्राय पांढऱ्या वाईनचे तीन प्रकार ठरवले. श्टाइनफेडर, अल्कोहोल जास्तीत जास्त 11.5 टक्के. फेडरश्पील, 11.5 ते 12.5. स्मारागट, 12.5 च्या पुढे. बाहेरची साखर अजिबात नाही, रस घट्ट करणं नाही, लाकडाचे तुकडे टाकून वास आणणं नाही. एवढंच. नावं ठेवली ती तिथल्या गवतावरून, बहिरी ससाण्याच्या शिकारीवरून आणि तालीच्या दगडांवर ऊन खात बसणाऱ्या हिरव्या सरड्यावरून.

साल लक्षात घ्या. त्यानंतर दोनच वर्षांनी 1985 मध्ये ऑस्ट्रियन वाईनचा तो कुप्रसिद्ध घोटाळा उघडकीला आला, काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाईन दाट आणि गोड लागावी म्हणून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल घातलं होतं, सगळी निर्यात झोपली आणि देशाला एकदम कडक कायदा करावा लागला. गोड आणि जाड म्हणजे भारी, या समजुतीच्या पोटातूनच तो घोटाळा आला होता, आणि वाखाऊतल्या शेतकऱ्यांनी मात्र त्याच सुमारास लिहून ठेवलं की आमची हलकी वाईन हलकीच राहील आणि आम्ही तसं बाटलीवर सांगू. मला हे फार मोठं वाटतं. श्टाइनफेडर आणि फेडरश्पीलला त्यांनी छत घातलं! द्राक्ष जास्त पिकलं तर ते त्या नावाने विकता येणार नाही. गिऱ्हाईक फेडरश्पील उचलतो तेव्हा त्याला माहिती असतं की ही ड्राय आहे, 12.5 च्या आत आहे, ताजी आहे, माशाबरोबर चालेल, दुसरा ग्लास घेतला तरी डोकं जागेवर राहील. जोर आणि स्टाईल या दोन गोष्टी एकाच नावात आल्या, कारण वाईनमध्ये त्या एकमेकींपासून वेगळ्या नाहीतच. अल्कोहोल जिभेवर जाडी आणतं, ऊब आणतं, गोडीचा भास देतं, आणि आंबटपणा जितका कमी तितकं ते जास्त जाणवतं.

पण वाखाऊलाही मी पूर्ण मार्क देणार नाही, कारण स्मारागटला छत नाही. आणि जे व्हायचं तेच झालं. किंमत सगळ्यात जास्त स्मारागटची, उत्तम ताली स्मारागटसाठी, मान स्मारागटला, आणि मधल्या काळात 14 च्या वर गेलेल्या, उशिरा तोडलेल्या, बुरशीच्या मधाळ वासाच्या जाड वाईन तिथे यायला लागल्या, काही फार छान, काही दमवणाऱ्या. श्टाइनफेडर आता फार थोडी बनते, तापलेल्या वर्षांत 11.5 च्या आत ड्राय आणि चवदार माल काढणं सोपं राहिलेलं नाही आणि काढला तरी भाव मिळत नाही. म्हणजे तीन प्रकार म्हणून जे सुरू झालं त्याची बाजाराने शिडी केलीच. 2020 मध्ये वाखाऊला सरकारी डीएसी दर्जा मिळाला, तो कुठलं गाव, कुठला उतार यावर आहे, आणि ती जुनी तीन नावं त्याच्या बरोबरीने चालू आहेत. ही दिशा मला बरोबर वाटते, जागेचा दर्जा जागेला आणि जोराची माहिती जोराला, दोन्ही वेगळ्या ओळीत. फक्त त्यांनी हिंमत करून स्मारागटवरही वरची रेघ ओढायला हवी, 13.5 म्हणा, 14 म्हणा, उत्पादकांनी बसून ठरवावं. त्याच्या वरचं जे असेल ते विका की, पण दुसऱ्या नावाने विका.

कुणी म्हणेल की मी जोरदार वाईनच्या विरोधात आहे. नाही. अमारोने ही जोरदारच असायला हवी, तासगावच्या शेडमध्ये बेदाण्याला घड वाळवतात तसे तिथे द्राक्षांचे घड तीन-चार महिने रॅकवर वाळवतात, पाणी उडतं, साखर साठते, मग 15-16 टक्के होणारच, तीच तिची ओळख आहे. माझी तक्रार अमारोनेबद्दल नाही, साध्या ताज्या वाल्पोलिचेल्लाला तिच्या खालच्या पायरीवर उभं करण्याबद्दल आहे, कारण ती दुसऱ्या कामाची, दुसऱ्या वेळेची वाईन आहे. स्पेनच्या शेरी या वाईनमध्येही आकडा स्टाईलशी बांधलेलाच आहे, 15 च्या आसपास ठेवली की वर यीस्टची साय जगते आणि फिनो होते, 17 च्या वर नेली की साय मरते आणि ओलोरोसो होते, पण तिथे कुणी ओलोरोसोला फिनोच्या वरची म्हणत नाही. आणि गंमत म्हणजे इटलीला हे स्वतःलाच माहिती आहे. पिएमोंत या एकाच प्रदेशात बारोलो, किमान 13 टक्के, आणि मोस्कातो द'आस्ती, जेमतेम 5 टक्क्यांची गोडसर बुडबुड्यांची, दोघींनाही देशातला सगळ्यात वरचा डीओसीजी दर्जा आहे. कुणी म्हणत नाही की मोस्कातो कमी अल्कोहोलची म्हणून कमअस्सल. मग एकाच नावाच्या आत सुपेरिओरे व्हायला अर्धा-एक टक्का जास्त लागतो तो कशासाठी? पोर्तुगालने व्हिन्यो व्हेर्देला कितीतरी वर्षं 11.5 ची वरची मर्यादा घातली आणि जगभर लोक ती हलकी आहे म्हणूनच पितात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टक्केवारी बाटलीवर छापलेलीच असते, मग वर्गवारीत कशाला? ज्याला हलकी हवी तो वाचून घेईल. पण तो आकडा वाटतो तितका नेमका नाही. युरोपात अर्ध्या-अर्ध्या टक्क्याच्या टप्प्यात छापायचा आणि वर अर्ध्या टक्क्याची सूट, म्हणजे 14.5 लिहिलेलं 14 पण असू शकतं आणि 15 पण. अमेरिकेत 14 च्या आतल्या वाईनला तर दीड टक्क्याची सूट आहे. आणि समजा आकडा नेमका असला तरी 12 टक्के म्हटल्यावर ती गोड का ड्राय, आंबट का गोल, काहीच समजत नाही. प्रदेशाच्या प्रकारात हे सगळं एकत्र येतं, फेडरश्पीलमध्ये येतं तसं. शिवाय लेबलवरचा आकडा ही नुसती नोंद आहे, वर्गवारीतला आकडा हे वचन आहे, ते पाळायला उत्पादकाला वर्षभर बागेत काम करावं लागतं. सावली जास्त ठेवायची, पानं कमी काढायची, उत्तरेचे उतार निवडायचे, तोडणीची तारीख आधी आणायची.

छत घातलं तर उत्पादक यंत्राने अल्कोहोल काढून टाकतील ही भीतीही मला रास्त वाटते. युरोपने 2021 च्या नियमबदलात अल्कोहोल काढलेल्या वाईनला वाईन म्हणायची परवानगी दिलीच आहे, आणि प्रदेशाचं नाव असलेल्या वाईनमध्ये काही प्रमाणात काढायची वाट मोकळी केलीय. म्हणून छताबरोबर वाखाऊसारखी दुसरी अटही पाहिजे, बागेतून आलं ते बाटलीत, बाहेरून घालायचं नाही आणि आतून काढायचं नाही. ज्याने साखर घालणं फसवणूक मानलं त्याने अल्कोहोल काढणंही त्याच मापाने मोजावं.

आणि हा पिणाऱ्याच्या तब्येतीचाही प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. 150 मिलीचा ग्लास, 11.5 टक्के असेल तर त्यात साडेतेरा ग्रॅम अल्कोहोल जातं, 14.5 असेल तर सव्वासतरा, म्हणजे जवळजवळ सव्वापट. दोन ग्लास पिणाऱ्याने नकळत अडीच प्यायलेले असतात. ब्रिटनने ऑगस्ट 2023 पासून कर टक्केवारीप्रमाणे केला, 11.5 ते 14.5 मधल्या वाईनना दीड वर्ष सवलत दिली आणि फेब्रुवारी 2025 पासून ती पण काढली, तर काही मोठ्या ब्रँडनी स्वस्तातल्या वाईनची टक्केवारी लगेच खाली आणली. म्हणजे कर आकड्याला खाली ओढतोय आणि प्रदेशाचा दर्जा त्याच आकड्याला वर ढकलतोय, मधे उत्पादक. ही कसरत त्याच्याकडून का करून घ्यायची?

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर नाशिककडे बघा. नाशिक व्हॅली वाईनला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 चं, बागा दिंडोरी, निफाड, गंगापूर धरणाच्या बाजूने पसरल्या, पण प्रदेशाच्या नावाखाली हलकी-मध्यम-जोरदार असे प्रकार अजून ग्राहकाच्या ओळखीचे झालेले नाहीत. 27 जानेवारी 2022 ला सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला, वाईन म्हणजे दारू का नाही यावर लोक आठवडेच्या आठवडे भांडले, उपोषणाचे इशारे झाले, आणि त्या सगळ्यात एकदाही कुणी विचारलं नाही की कुठली वाईन, किती टक्क्यांची. अन्नसुरक्षेच्या नियमात वाईन 7 पासून 15.5 टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुपटीहून जास्त फरक, आणि चर्चेत मात्र सगळं एकच. दोन्ही बाजूंच्या लोकांना जर हातात प्रकार असते तर बोलणं तरी नीट झालं असतं.

आणि आपलं हवामान तर या बाबतीत अजूनच स्पष्ट बोलतं. एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि वाईनचा माल निघतो जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत, म्हणजे युरोपात तोडणीच्या वेळी थंडी वाढत जाते आणि आपल्याकडे ऊन वाढत जातं. फेब्रुवारी संपताना साखर दिवसागणिक चढते, आंबटपणा पडतो. अशा ठिकाणी कमी साखरेची भीती नाहीच मुळी, त्यामुळे किमान टक्केवारीवर उभी केलेली इटलीची शिडी इथे आणून लावण्यात काहीच अर्थ नाही. नाशिकच्या चेनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षासाठी 11.5 च्या आतला एक प्रकार ठरवा, लवकर तोडलेला, ताजा, गोड आहे की ड्राय हे ठळक लिहिलेला, दुसरा 11.5 ते 13, आणि शिराझसारख्या लालसाठी 14 ची वरची रेघ, तिन्हींना वेगळी नावं, कुणीही कुणाच्या वर नाही, आणि कुठल्या गावची, कुठल्या उतारावरची बाग ते दुसऱ्या ओळीत. सरकारी परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही, वाखाऊतही सुरुवात शेतकऱ्यांच्या संघटनेनेच केली आणि सरकारी दर्जा कितीतरी वर्षांनी आला. पुढची गोडी छाटणी व्हायच्या आत पाच-सहा वायनऱ्या आणि त्यांना माल देणारे बागायतदार एकत्र बसले तर पहिल्या वर्षाचे आकडे ठरवता येतील, कारण तोडणी कुठल्या ब्रिक्सला करायची हे छाटणीच्या वेळी माहिती असेल तरच वेलीवर घड किती ठेवायचे ते ठरतं.